सणाचा अधिकार

रत्नागिरी जिल्ह्याचे इंग्रजी गॅझेटियर मुंबई सरकारने १८८० साली जेम्स कॅम्बेल यांच्या संपादकत्वाखाली प्रसिद्ध केले, आणि त्यात येथील माती, झाडेमाडे, मासळी, बंदरे, जाती व देवस्थाने यांची जी तपशीलवार हकीकत आली, तिला आधार म्हणून १८७२ च्या खानेसुमारीचे आकडे जोडण्यात आले. जिल्ह्याची लोकसंख्या त्या वेळी १०,१९,१३६ होती. त्या खानेसुमारीत मुंबई इलाख्यात व्यंगांचेही रकाने होते : वेडे, जन्मतः बुद्धिहीन, मुके-बहिरे, आंधळे आणि महारोगी. ओटीवर बसून कागद भरणाऱ्या कारकुनाने हा प्रश्न घातला असेल तेव्हा माजघराच्या दाराआड बसलेल्या आपल्या मुलाची गणना घरधन्याने कोणत्या रकान्यात होऊ दिली, की तसे आमच्यात कोणी नाही असे सांगून कारकुनापुढे पानाचे तबक सरकवले, हे त्या आकड्यांवरून समजण्यासारखे नाही. पुढच्या खानेसुमारींचे अंमलदार मात्र आपल्या अहवालांतून वारंवार तक्रार करीत राहिले, की लहान मुलांचे व्यंग आईबाप लपवतात आणि त्यामुळे हे आकडे भरवशाचे नाहीत.

भरवशाचे नसलेले हे आकडेही १९३१ नंतर बंद झाले. पन्नास वर्षांनी, १९८१ साली, प्रश्न पुन्हा विचारला गेला तो आंधळे, मुके आणि पांगळे एवढ्यांपुरताच. बुद्धीची वाढ मंद असलेल्या मुलाला जनगणनेत पुन्हा जागा मिळाली ती २००१ साली. म्हणजे मधली सत्तर वर्षे असे मूल सरकारच्या हिशेबी नव्हतेच. तेव्हा या मुलाचा इतिहास लिहायचा तर दप्तराचा नाद सोडून, जेथे घरातल्या सगळ्या माणसांना वर्षातून एकदा तरी बाहेर यावे लागते त्या देवळाच्या सहाणेकडे, म्हणजे पालखी टेकते त्या चौथऱ्याकडे, आणि गणपतीच्या मखराकडे वळावे लागते. कोकणातल्या घरात सण म्हटला की मुंबईचे चाकरमानी येतात, भाऊबंद एका छपराखाली जेवतात, वाडीतले लोक आरतीला दारात उभे राहतात. माजघराचे दार त्या दिवसांत लावून ठेवता येत नाही.

रत्नागिरी शहराचे नाव उभ्या महाराष्ट्रात ज्या दोन-चार कारणांनी तोंडी बसले, त्यांत येथील मनोरुग्णालय हे एक आहे, ही गोष्ट रत्नागिरीकरांना फारशी आवडत नाही, आणि ते साहजिकच आहे. १८८६ साली हे इस्पितळ उभे राहिले. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा याला इंग्रजांनी येथे आणून नजरकैदेत ठेवले तेही याच वर्षी. ज्यांना दृष्टीआड करायचे त्यांच्यासाठी समुद्रकाठचे हे आडबाजूचे गाव सरकारला सोयीचे वाटत होते, असा तर्क केला तर तो फारसा चुकणार नाही. इस्पितळ वेडाचा झटका आलेल्या प्रौढ माणसांसाठी होते, जन्मापासून मंद असलेल्या पोरासाठी नव्हते. पण कायद्याला हा भेद मान्य नव्हता. १९१२ च्या कायद्यातील व्याख्येप्रमाणे 'ल्युनॅटिक' या एकाच शब्दात चित्तभ्रम झालेला मनुष्य आणि जन्मतः बुद्धिहीन मनुष्य हे दोघेही मोडत होते, आणि ही व्याख्या १९८७ चा कायदा अमलात येईपर्यंत, म्हणजे १९९३ पर्यंत, चालू राहिली. मुलाच्या चेहऱ्याकडे पाहून 'याला इस्पितळात का ठेवत नाही' असे विचारणाऱ्या शेजाऱ्याच्या पाठीशी अशा रीतीने सरकारी कायदाच उभा होता.

शास्त्राची बाजू याहून फार उदार होती असे म्हणवत नाही. मनुस्मृतीने जन्मांध, बधिर, उन्मत्त, जड आणि मूक यांना वारशातून वगळून त्यांच्या अन्नवस्त्राची जबाबदारी मात्र वारसांवर टाकली. याज्ञवल्क्यानेही तोच मार्ग धरला. आणि यज्ञाचा अधिकार कोणाला याची चर्चा करताना मीमांसकांनी, ज्याचे अंगवैकल्य बरे होण्यासारखे नाही अशा मनुष्याला त्या अधिकाराबाहेर ठेवले. अन्न मिळेल, अंगावर वस्त्र मिळेल, पण कर्माचा कर्ता म्हणून पाटावर बसता येणार नाही, अशी ही व्यवस्था होती. इंग्रजी न्यायालयांनी मनूचे हे वचन शब्दशः धरून वारशाचे कज्जे निकालात काढले. १९२८ साली मध्यवर्ती कायदेमंडळाने ही अपात्रता दूर करणारा कायदा केला तेव्हा आंधळा सुटला, मुका सुटला, पांगळाही सुटला. जन्मापासून वेडा किंवा बुद्धिहीन असलेला तेवढा त्या कायद्यानेही मागेच ठेवला. त्याची सुटका १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने केली.

या शास्त्राचा सर्वांत समर्थ इतिहासकार रत्नागिरी जिल्ह्यानेच दिला, हा योग मोठा आहे. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांचा जन्म १८८० साली, म्हणजे ते गॅझेटियर निघाले त्याच वर्षी, चिपळूणजवळ झाला. दापोलीस त्यांचे शालेय शिक्षण झाले. धर्मशास्त्राचा त्यांचा पाच खंडांचा इतिहास १९३० पासून १९६२ पर्यंत प्रसिद्ध होत राहिला आणि १९६३ साली त्यांना भारतरत्न मिळाले. काण्यांचा विशेष असा, की शास्त्रात जे कठोर आहे ते त्यांनी झाकले नाही आणि जे सवलतीचे आहे तेही सुटू दिले नाही. उपनयनाच्या प्रकरणात त्यांनी बौधायनाच्या गृह्यशेषसूत्राचा जो हवाला दिला आहे तो मला या दृष्टीने फार मोलाचा वाटतो. मुक्या, बहिऱ्या व जड मुलाची मुंज करावी की नाही, आणि करावी तर मंत्र कोणी म्हणावेत, असा प्रश्न प्राचीन काळी कोणातरी बापाने आपल्या आचार्याला निश्चित विचारला असला पाहिजे, नाहीतर त्यासाठी स्वतंत्र विधी लिहिण्याचे कारण पडले नसते. उत्तर असे, की मुंज करावी, आणि जे मुलाला म्हणता येत नाही ते आचार्याने म्हणावे. त्याच्या लगतच अश्वत्थ वृक्षाच्या उपनयनाचाही विधी येतो, हे वाचून आजच्या वाचकाला हसू येईल, आणि पिंपळाच्या शेजारी आपल्या लेकराला बसवलेले पाहून एखाद्या आईला वाईटही वाटेल. तथापि मंत्र न येणारा मुलगा मुंजीवाचून राहू नये अशी कळकळ त्या सूत्रकाराला होती, एवढे कबूल केले पाहिजे. व्रतांच्या बाबतीत तर शास्त्राने हात आणखी सैल सोडला. यज्ञासारखे त्यास अधिकाराचे कुंपण नव्हते, व्रत सर्वांना खुले होते, आणि ज्याला स्वतः करणे शक्य नाही त्याच्यासाठी प्रतिनिधीची सोय होती. मुलासाठी संकष्टी धरणारी कोकणातली आई या प्रतिनिधीच्या तत्त्वाचे नाव जाणत नसेल, पण ते पाळत आली आहे.

शास्त्र हे पोथीत राहते आणि शिमगा हा अंगणात येतो, म्हणून या विषयाचा खरा उलगडा शिमग्यात होतो.

गणपती हा कोकणातला घराचा सण आणि शिमगा हा गावाचा. रत्नागिरीच्या परिसरात काही गावांचे शिमगे फाल्गुन शुद्ध त्रयोदशीला होतात, त्यांना तेरसे शिमगे म्हणतात. बाकीच्यांचे पौर्णिमेला होतात, ते भद्रेचे. ग्रामदेवतेची रुपी, म्हणजे मुखवटे, बाहेर काढून पालखीला लावतात, तिला वस्त्रे नेसवतात, ढोल-ताशे आणि सनई वाजू लागते, आणि वर्षभर देवळात बसलेली देवता स्वतः उठून गावकऱ्यांच्या दारी जायला निघते. रत्नागिरी शहरात हा मान बारा वाड्यांच्या श्री देव भैरीचा आहे. पौर्णिमेच्या रात्री त्याची पालखी देवळातून बाहेर पडते, झाडगावच्या सहाणेवर येते, तेथे होळी उभी राहते, आणि रंगपंचमीपर्यंत शहर तिच्याभोवती फिरत असते. देवळात माणसाने देवाकडे जायचे असते. ज्याला पायऱ्या चढता येत नाहीत, ज्याला गर्दीत उभे राहवत नाही, ज्याला पाचशे माणसांत नेले तर तो किंचाळू लागतो, त्याचे जाणे तेथेच संपते. शिमग्यात देवच चालत येत असल्यामुळे त्याचे दर्शन चुकत नाही. ही सोय कोणी अशा मुलासाठी मुद्दाम केलेली नाही, पण सोय आहे.

पालखी येणार म्हणून अंगण सारवलेले असते, रांगोळी घातलेली असते, तुळशीपुढे पाट मांडलेला असतो. पालखी टेकली की सुवासिनी देवीची ओटी भरतात, नारळ ठेवतात, आणि मग गुरव किंवा गावातला मानकरी गाऱ्हाणे घालतो. हे गाऱ्हाणे म्हणजे संस्कृत संकल्प नव्हे. रोजच्या बोलीत, घराचे व माणसांचे नाव घेऊन, जे काही दुखते आहे ते देवापुढे मोठ्याने मांडायचे आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्या लोकांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून रुकार द्यायचा, असा त्याचा रिवाज आहे. या घरचा मुलगा बोलत नाही, पाचव्या वर्षी पाऊल टाकले, अजून जेवू घालावे लागते, त्याच्याकडे तुझी नजर असू दे, असे तो मानकरी चारचौघांत खड्या आवाजात सांगतो, आणि चारचौघे एका स्वरात त्याला दुजोरा देतात. खानेसुमारीच्या कारकुनापासून जे लपवले ते पालखीपुढे सगळ्या वाडीच्या साक्षीने बोलले जाते, ह्यातला फरक मला महत्त्वाचा वाटतो. कारकुनाचा रकाना मुलाला घरापासून तोडून एका जमातीत घालत होता. गाऱ्हाण्यात ते मूल अमक्या घरचे म्हणूनच येते आणि त्याचे दुखणे वाडीच्या दुखण्यात जमा होते. आपल्या मुलाला गावाने पाहिले आहे, गावाने त्याच्यासाठी मागणे मागितले आहे, हा दिलासा त्या आईला वर्षभर पुरत असला पाहिजे.

दुसरी गोष्ट मानाची. शिमग्यात कोणी होळीचे झाड तोडायचे, कोणी पालखीला पहिला खांदा द्यायचा, कोणी निशाण धरायचे, कोणाच्या दारी पालखी आधी जायची, हे सगळे परंपरेने ठरलेले असते. आणि त्यावरून होणारे तंटे मामलेदार कचेरीपासून वरच्या कोर्टापर्यंत पोचतात, वेळप्रसंगी पालखीवर बंदोबस्त बसतो, हे या जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. या मानापमानाच्या भानगडींवर सुधारकांनी पुष्कळ कोरडे ओढले आहेत आणि ते योग्यच होते. परंतु या वहिवाटीची एक बाजू त्यांच्या ध्यानात आलेली दिसत नाही. मान हा व्यक्तीच्या गुणाचा नसून घराण्याचा असल्यामुळे तो चालवायला हुशारी लागत नाही, मंत्र पाठ असावे लागत नाहीत, बोलताही यावे लागत नाही. निशाणाचा मान ज्या घराचा, त्या घरातल्या मुक्या मुलाच्या हाती निशाणाची काठी दिली तर त्याला कोणी हरकत घ्यावी असे कारणच उरत नाही. यज्ञात ज्याला अधिकार नाही त्याला शिमग्यात मान असू शकतो.

एवढे लिहून थांबलो तर मी जुन्या काळाचे खोटे गोडवे गायल्यासारखे होईल. शिमगा हा टिंगलीचाही सण आहे. फाका घालायच्या, नावे ठेवायची, ज्याचे व्यंग असेल त्यावर बोट ठेवून बोंब मारायची, आणि पाच दिवस त्याचा कोणी राग मानायचा नाही, असा परवाना घेऊन निघालेल्या पोरांच्या टोळीला वाडीतला 'खुळा' हे आयते सावज असे. त्याला संकासुराच्या मुखवट्याने भेडसावायचे, रंग फासून पळायला लावायचे, आणि तो रडू लागला की हसायचे, हे प्रकार ज्यांनी पाहिले आहेत त्यांना गाऱ्हाण्यातल्या दयेची मर्यादा समजेल. शिवाय गाऱ्हाण्याला नवस जोडलेला असतो आणि नवसाला मुदत असते. मूल बोलू लागले तर चांदीचा डोळा, पितळेची घंटा, पाच नारळांचे तोरण. आणि मूल बोललेच नाही तर दोष कोणाचा? पूर्वजांचा, देवाच्या राहून गेलेल्या चाकरीचा, कोणाच्या तरी करणीचा, आणि बहुतेक वेळा सरतेशेवटी आईचा. अंगारा, भगत, धुपारत्या, झाडाला बांधलेले दोरे यांत मुलाची पहिली पाच-सात वर्षे, म्हणजे शिकवण्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाची वर्षे, निघून जात. हातीसच्या पीर बाबरशेखाच्या उरुसाला हिंदू आणि मुसलमान दोघेही श्रद्धेने जातात. दुखणाईताच्या बाबतीत तरी धर्माचा भेद फारसा टिकत नाही. अशा मुलाच्या अंगी दैवी शक्ती आहे असे भासवून त्याच्यावर धंदा करणारेही निघाले, आणि ते इतके निघाले असले पाहिजेत, की २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत या प्रकाराची स्वतंत्र नोंद करावी लागली.

गणेशचतुर्थीचा प्रकार वेगळा. तेथे सगळे घरात चालते आणि महिनाभर आधी सुरू होते. श्रावणात आपापल्या घरचा पाट मूर्तिकाराच्या शाळेत नेऊन ठेवायचा ही येथली जुनी रीत. त्या पाटावर घरचा गणपती घडतो. पाट नेऊन देणे, मधून मधून जाऊन मूर्ती कोठवर आली ते बघून येणे, मातीला हात लावू देण्याबद्दल मूर्तिकाराची विनवणी करणे, ही मुलांची कामे. ज्या मुलाला बदल सोसत नाही, घरातली एक खुर्ची हलवली तरी जो अस्वस्थ होतो, त्याला सणाच्या दिवशी एकाएकी वीस माणसे, मखर, दिव्यांच्या माळा आणि टाळांचा गजर यांच्या मधोमध उभे करणे आणि महिनाभर रोज थोडे थोडे दाखवत तेथवर आणणे यांत केवढे अंतर आहे, ते स्वमग्न मुलांचे शिक्षक आज पालकांना आवर्जून सांगतात. कोकणच्या गणपतीची जुनी चाल तेच करीत होती. माटवी बांधायला कवंडळे आणि तेरडा आणायचा, दूर्वा निवडून एकवीसांच्या जुड्या करायच्या, वाती वळायच्या, गौरीसाठी तेरड्याची रोपे मुळांसकट उपटून आणायची : या कामांत एकच एक क्रिया पुनःपुन्हा करायची असते, आणि पुनःपुन्हा तेच करण्यात ज्याचे मन रमते त्याच्याइतका ह्या कामाचा कारागीर दुसरा नाही. आमच्या ओळखीच्या एका घरात एक मुलगा, आता तो जवळजवळ तिशीचा आहे आणि दहा-बारा शब्दांपलीकडे त्याचे बोलणे गेलेले नाही, चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी दूर्वांचा ढीग पुढे घेऊन बसतो. प्रत्येक काडी उजेडाकडे धरून तीन पाने नीट आहेत का ते पाहतो, मोडकी उजव्या हाताला टाकतो, चांगली मांडीवरच्या फडक्यावर ओळीने लावतो, एकवीस झाल्या की दोरा मागतो. त्याला एकवीसपर्यंत मोजता येत नाही. थोरल्या काकांनी फडक्यावर खडूने एकवीस रेघा आखून दिलेल्या आहेत, रेघा भरल्या की जुडी झाली. घाई केलेली त्याला खपत नाही, आणि त्याच्या जुडीत मोडकी दूर्वा सापडल्याचे त्या घरात कोणाला आठवत नाही. आरती सुरू झाली की तो मागल्या पडवीत जाऊन बसतो, कारण झांजांचा आवाज त्याला सोसत नाही; आरती संपल्यावर त्याच्यापुढे तबक वेगळे नेले जाते. पाहुण्यांपैकी कोणी 'त्याला इकडे आणा की' म्हणाले तर आजी सांगते, त्याची आरती तिकडेच होते.

गणपतीपुळ्याची वहिवाट याहून निराळी आणि आपल्या विषयाला फार जवळची आहे. त्या गावात घरोघर गणपती आणीत नाहीत. देवळातला स्वयंभू गणपती हाच साऱ्या गावाचा घरचा गणपती. एरवी जो गाभारा सर्वांना मोकळा नसतो तो भाद्रपदातल्या त्या दिवसांत गावकऱ्यांना खुला होतो आणि देवाला हाताने स्पर्श करता येतो. ज्या मुलाला डोळ्यांनी दिसत नाही, किंवा दिसते पण कळते ते केवळ हाताने चाचपून, त्याच्या दृष्टीने या दिवसांची किंमत बाकीच्या वर्षाहून अधिक आहे. प्रदक्षिणेचे मात्र अवघड. तेथे डोंगरच देव मानलेला असल्याने प्रदक्षिणा सबंध टेकडीला घालावी लागते, आणि न चालणाऱ्या मुलाला ती बापाच्या खांद्यावर बसूनच घडते.

देवळात कोणी यावे हा प्रश्न रत्नागिरीत जेवढ्या हिरिरीने लढला गेला तेवढा फार थोड्या गावांत लढला गेला असेल. लोकमान्यांचा जन्म १८५६ साली येथलाच, आणि त्यांनी १८९३-९४ च्या सुमारास गणपतीला घरातून चौकात आणले. सावरकर १९२४ ते १९३७ या काळात येथे स्थानबद्ध होते. अखिल हिंदू गणेशोत्सव, सहभोजने, देवालयप्रवेश हे सारे त्या तेरा वर्षांतले. भागोजीशेठ कीर यांनी बांधलेले पतितपावन मंदिर २२ फेब्रुवारी १९३१ रोजी सर्व जातींना उघडले. त्या सभांतून झालेली भाषणे, त्या वेळचे वाद, सनातन्यांचे आक्षेप यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. जन्मावरून माणसाला देवाच्या दाराबाहेर ठेवणे हा अधर्म आहे, असे जेव्हा या गावात ठणकावून सांगितले गेले, तेव्हा जन्मतःच जड असलेल्या मुलाची आठवण त्या मोठ्या वादात कोणाला झाल्याचे ऐकिवात नाही. याबद्दल मी त्या पिढीला दोष देत नाही; त्यांच्यापुढचे काम आधीच डोंगराएवढे होते. पण जातीची अपात्रता आणि बुद्धीची अपात्रता या दोन्हींचे मूळ एकाच अधिकारविचारात होते, आणि त्यांपैकी एकीवरच घाव पडला, एवढी नोंद इतिहासाने करायला हवी.

दुसरीवर घाव घातला तो शाळांनी, आणि तो मुंबई-पुण्याकडून आला. १८८५ च्या सुमारास माझगावला मुक्या-बहिऱ्यांची शाळा निघाली, १९०० साली अमेरिकन मिशनच्या मिलार्डबाईंनी मुंबईत अंधांची शाळा काढली, आणि मतिमंद मुलांसाठी १९४४ साली मुंबईत जय वकील शाळा व १९६४ साली पुण्यात 'कामायनी' सुरू झाली. हे सगळे रत्नागिरीच्या बापाला बोटीच्या प्रवासाइतके दूर होते. ज्यांना ऐपत होती त्यांनी मुले तिकडे ठेवली आणि ती मुले मे महिन्यात व गणपतीत घरी येऊ लागली. रत्नागिरीत 'आविष्कार' संस्थेने सविता कामत विद्यामंदिर आणि शामराव भिडे कार्यशाळा चालवायला घेतल्यावर मूल सकाळी शाळेत जाऊन संध्याकाळी घरी येऊ लागले, आणि त्यासरशी सणातली त्याची जागाही बदलली. कार्यशाळेतले हात दिवाळीसाठी पणत्या रंगवतात, आकाशकंदील करतात, त्यांची विक्री होते. नवसाच्या गाऱ्हाण्यात ज्याच्यासाठी मागायचे तोच आता गावाला सणाच्या वस्तू देऊ लागला. एखाद्या घराच्या पडवीत टांगलेला कंदील कोणी केला हे खालून जाणाऱ्याला कळत नाही, आणि कळण्याची गरजही नाही.

याच काळात सण मात्र अशा मुलांना जास्त जास्त असह्य होत गेला, हे दुर्दैव. ढोल-ताशांचा आवाज पूर्वीही मोठा होता, पण तो माणसाच्या हाताचा होता. हात थकत, वादक विडी ओढायला थांबत, पालखी पुढल्या वाडीला जाई. भिंतीएवढ्या कर्ण्यांना थकवा नसतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत, रात्री दहा ते सकाळी सहा कर्णे बंद ठेवावेत असे त्यांत आहे, आणि सणासुदीला ठराविक दिवस मध्यरात्रीपर्यंत मुभा देण्याची तरतूदही त्यांतच आहे. इस्पितळ, शाळा, न्यायालय यांच्या भोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र जाहीर करता येते; ज्या घरात कानावर हात दाबून, भिंतीला डोके आपटणारे एक मूल आहे त्या घराभोवती असे क्षेत्र कोणत्याही नियमात नाही. विसर्जनाच्या दिवशी अशी कुटुंबे दारे-खिडक्या लावून बसतात किंवा सरळ गाव सोडून नातेवाइकांकडे जातात. एके काळी सणाने माजघराचे दार उघडले होते. ते आता सणामुळेच लावावे लागते.

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. सार्वजनिक इमारतीच्या त्याच्या व्याख्येत शाळा, कचेऱ्या, रेल्वे स्थानके यांच्या बरोबरीने धार्मिक कारणांसाठी लोक जेथे जातात त्या इमारतीही येतात, आणि स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगता यांसह एकवीस प्रकार त्यात नमूद आहेत. देवळाच्या पायऱ्यांशेजारी उतरती वाट बांधणे हे आता विश्वस्तांच्या मर्जीवर राहिलेले नाही. ही वाट बांधलेली देवळे अजून थोडी आहेत. कायद्याचा दंडा दाखवून ती वाढवावीत असे म्हणणारे लोक आहेत; माझा भरवसा दंड्यापेक्षा मानकऱ्यांवर अधिक आहे, कारण पालखी कोठे किती वेळ टेकवायची, ढोल कोठे धरायचा आणि कोठे सोडायचा, हे या जिल्ह्यात आजही कायदा ठरवीत नाही, मानकरी ठरवतात.

दोन वर्षांमागे रत्नागिरीजवळच्या एका गावात पालखी वाडीत शिरली तेव्हा असे मूल असलेल्या घरासमोर पुढच्या मानकऱ्याने हात वर केला आणि ढोलकऱ्यांनी टिपरू खाली घेतले. ढोल-ताशे सगळे गडग्याबाहेर थांबले. नुसती पालखी आणि चार भोई अंगणात आले. गाऱ्हाणे हळू आवाजात झाले. मुलाला आईने उचलून जवळ आणले, त्याने पालखीच्या गोंड्याला हात लावला, तो हातात घट्ट धरून ठेवला, आणि तो सुटेपर्यंत भोई थांबले. सगळे मिळून पाच मिनिटे गेली. गडग्याबाहेर पडल्यावर ढोल पुन्हा वाजू लागला आणि पालखी पुढच्या घरी नाचतच गेली. रूढी मोडली असे कोणी म्हणाले नाही, कारण ती मोडली नव्हतीच.

शिमग्यापूर्वी प्रत्येक गावात मानकऱ्यांची बैठक होते आणि पालखी कोणत्या दिवशी कोणत्या वाडीत, कोणत्या क्रमाने जायची, त्याचा कागद तयार होतो. गावागावांच्या मानकऱ्यांना माझी विनंती एवढीच, की त्या बैठकीत ज्या घरी असे मूल आहे ती घरे विचारून घ्यावीत, त्या घरांपुढे खूण करावी आणि तेथे ढोल गडग्याबाहेर थांबवावा. गणेशोत्सव मंडळांनीही दहा दिवसांतली एक सकाळ कर्णा न लावता या मुलांसाठी राखून ठेवावी आणि ती वेळ मंडपाच्या फलकावर लिहावी. यास ना खर्च आहे, ना कोणाची परवानगी लागते.